कुसुमबाईंच्या आवाजाचं मशीन

यशवंतरावांनी जी घोषणा केली ती अर्धी दाढी झालेली असताना केली, आणि पुढचा सगळा घोळ तिथूनच सुरू झाला. दाढी पूर्ण झालेला माणूस काहीतरी निमित्त काढून उठून जाऊ शकतो. एका गालाला साबण असलेल्या माणसाला मात्र खुर्चीतच बसून आपण बोललो ते निस्तरावं लागतं.

तेलंगणात नार्नूरजवळच्या एका गावात यशवंतरावांचं किराणा दुकान आहे, आणि दुकानामागच्या पायवाटेनं गेलं की त्यांची ज्वारी. यंदा कणसांत दाणा दुधावर आला आणि नेमका तेव्हाच मंचेरियलहून लेकीचा, मयूरीचा, फोन आला. तिचं पहिलं बाळंतपण. रीतीप्रमाणे तिनं माहेरी यायचं. पण तिथल्या डॉक्टरीणबाईंनी प्रवासाला साफ नाही म्हटलं. आता लेक माहेरी येत नसेल तर माहेरानं उठून लेकीकडं जायला हवं, आणि यशवंतरावांच्या घरात माहेर म्हणजे कुसुमबाई.

कुसुमबाई एका पायावर तयार होत्या. अडचण फक्त राघूंची. दुधातली ज्वारी पाहिली की उटनूरच्या रानातून राघूंचे थवेच्या थवे येतात, आणि दरवर्षी कुसुमबाई मचाणावर चढून त्यांना असं झाडतात की राघू शेजारच्या शेतात जाऊन बसतात आणि शेजारी मग यशवंतरावांशी आठवडाभर बोलत नाहीत. मजूर लावावा तर सगळं गाव कापूस वेचायला गेलेलं. राहता राहिले यशवंतराव. पण त्यांनी मचाणावर बसावं, हा विचार कोणाच्याच मनात आला नाही, त्यांच्या तर मुळीच नाही. दुकानदाराला गावात इज्जत असते, आणि ती उंचावर बसून 'हुर्र हुर्र' केल्यानं वाढत नाही.

"मंग वैनी जाऊन राह्यल्या का नाई मंचेरियलले?" सलूनच्या बाकावरून लक्ष्मणरावांनी विचारलं. लक्ष्मणराव विजेच्या खात्यातून रिटायर झालेले. विजेचा विषय नसला तर ते तो आणतात.

"जाईन नाई तं काय!" यशवंतराव साबणातून म्हणाले. "ज्वारी मशीन राखते आता. सोलरचं. आवाज आमच्या घरचाच भरतो त्याच्यात. दिवसभर आपोआप वरडन."

वस्तरा थांबला. सगळं सलून त्यांच्याकडे बघू लागलं. कौतुकानं बघतंय असं यशवंतरावांना वाटलं.

घरी येऊन त्यांनी कुसुमबाईंना सांगितलं. त्यांनी मशीनबद्दल एक अक्षरही विचारलं नाही. "मंग मयूरीले सांगून टाकू, मी येते म्हून?" एवढंच विचारलं, आणि हो म्हणायच्या आत फोन लावला. फोनवर लेक आनंदानं रडली. ते रडणं बाहेर दुकानापर्यंत ऐकू आलं, आणि यशवंतरावांनी तडक पायात चपला घातल्या. कारण मशीन अजून जगात नव्हतं.

आवाज भरण्याचं काम सोपं असेल असं त्यांना वाटलं होतं. नार्नूरच्या स्टँडवर मोबाइल दुरुस्त करणारा सुरेंद्र होता. त्याच्याकडून आवाज साठवणारं एक छोटं बोर्ड आणि भोंगा आणला. बोर्ड असं की एकदा चालू केलं की भरलेला आवाज थोड्या थोड्या वेळानं आपणच वाजवत राहतं, आणि अंधार पडला की थांबतं. पण कुसुमबाई घरात ओरडायला तयार होईनात.

"समोर राघू नाई तं वरडू कोनावर?"

"माह्यावर वरड."

ही सूचना त्यांनी सहज केली, पण कुसुमबाईंनी मनावर घेतली. "या! अजून या! लय भूक लागली का मेल्याहो? थांबा, दाखवते तुमाले! हाऽऽऽ हुर्रर्र!" पहिल्याच दमात असं भरलं की यशवंतराव दोन पावलं मागं सरले. लक्ष्मणरावांनी ते ऐकून मान डोलावली, आणि तेलुगूतही एकदा भरून घ्या म्हणाले. राघू तिकडच्या रानातले, त्यांना मराठी काय कळणार, असा त्यांचा मुद्दा होता. कुसुमबाई म्हणाल्या, इतकी वर्षं त्यायले मराठीच समजून राह्यलं.

आता राहिली वीज. इथून खरं दुखणं सुरू होतं, म्हणून जरा सावकाश सांगावं लागेल. त्या बोर्डाला लागत होते बरोबर पाच व्होल्ट. कमी दिले तर ते हात वर करी, जास्त दिले तर जीव देई. आणि बॅटरी काय किंवा सोलरचं पॅनल काय, आपल्या मर्जीचे मालक. भरलेली बॅटरी एक देते, उतरलेली दुसरंच देते, आणि पॅनल तर ढग बघून वागतं. म्हणून दोघांच्या मधे एक चिप बसवावी लागते, जी येईल ते घेऊन पुढं बरोबर पाच देते.

"कोणती चिप?" यशवंतरावांनी सुरेंद्रला विचारलं.

"कोणतीबी लावा ना काका. चिप म्हंजे चिप."

पाहुण्यांना विचारावं मुलगा कसा हवा आणि त्यांनी म्हणावं कोणताही चालेल, तसलाच हा प्रकार होता. पण यशवंतरावांना ते तेव्हा कळलं नाही.

पहिली चिप लक्ष्मणरावांच्या सल्ल्यानं आली. त्यांच्या मते बारा व्होल्टच्या खालची वीज ही वीजच नाही, ते खेळणं. म्हणून जुन्या स्कूटरची बॅटरी काढली आणि तिच्यापुढं तीन पायांची एक काळी चिप जोडली. बारा आत, पाच बाहेर. मशीन खणखणीत ओरडलं. लक्ष्मणरावांनी आजूबाजूला असं बघितलं की जणू धरण त्यांनीच बांधलंय. मग कुसुमबाईंनी कुतूहलानं चिपेला बोट लावलं आणि मशीनपेक्षा मोठ्यानं ओरडल्या.

"तवा हाय का थे!"

"गरम होतेच थे," लक्ष्मणराव म्हणाले. "बारा घेते अन् पाच देते."

"अन् मधले सात?"

"थे गरमीत जातात."

"म्हंजे अडत्याच बसवला तुमी मधे," कुसुमबाई म्हणाल्या. त्यांचा कापूस दरसाल आदिलाबादच्या बाजारात जातो, तेव्हा मधे बसून खाणारा माणूस त्या लांबूनही ओळखतात. त्यांचं खरं निघालं. निम्म्याहून जास्त वीज चटक्यात गेली, हातभर पॅनलला ती भरून काढता येईना, आणि दुपारी बॅटरी थंड पडली. लक्ष्मणरावांनी दोष उन्हाला दिला.

दुसरी चिप सुरेंद्रनं दिली. "ही तापत नाई काका. ही वीज तुकडे तुकडे करून मोजून देते." चिपेशेजारी तांब्याच्या तारेचं एक बारकं वेटोळं होतं, त्यामुळं यशवंतरावांचा विश्वास बसला. वेटोळं असलं की वस्तू शास्त्रीय वाटते. बॅटरीही बदलली. स्कूटरचं धूड गेलं आणि जुन्या लॅपटॉपमधला एक गोल सेल आला. सगळं कसं सुटसुटीत झालं. मशीन शेतात उभं केलं, यशवंतराव दुकानात येऊन बसले, आणि गिऱ्हाइकाला साखर देता देता म्हणाले, "ज्वारीचं टेन्शन मिटलं."

थोड्या वेळानं शेजारचे रामाजी हसत हसत आले. हसू आवरत नव्हतं म्हणून पाणी मागितलं, पाणी पिताना ठसका लागला. "यशवंतराव, जरा शेताकडं चला. वैनी राघूंले आवतन देऊन राह्यल्या."

झालं होतं असं. सुरेंद्रनं दिलेली चिप व्होल्ट उतरवणारी होती. हा सेल पोटभर भरला तरी चारच्या जरा वर जातो. त्यातून पाच काढायचे तर चढवणारी चिप हवी. उतरवणारी बिचारी चढवेल कुठून? बोर्ड कसंबसं जागं व्हायचं, भोंग्यानं जोर लावला की वीज कमी पडून बंद पडायचं, आणि दम घेऊन पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचं. कुसुमबाईंच्या एवढ्या लांबलचक शिव्यांतला पहिला शब्द तेवढा बाहेर येत होता.

"या... या... या... या..."

भर दुपारी ज्वारीच्या मधोमध उभं राहून मशीन अगत्यानं बोलावत होतं, आणि राघू कोणाचा शब्द मोडत नव्हते. इतके राघू त्या शेतात पूर्वी कधी उतरले नसतील. बांधावर अर्धं गाव जमलं होतं. लक्ष्मणराव म्हणाले, पहा, मराठी समजते त्यायले, मीच चुकलो. यशवंतरावांनी तार उपटली, मान खाली घातली आणि मागच्या वाटेनं घरी आले. पुढं दोन-तीन दिवस दुकानात जो येई तो दारातून आधी "या म्हना ना" म्हणे. यशवंतरावांनी उधारी बंद करण्याचा गंभीरपणे विचार केला.

कुसुमबाई मात्र हसल्या नाहीत. बायकांना फुकट असलेल्या बससाठी लागणारं आधार कार्ड त्यांनी कमरेच्या पिशवीत कधीचंच घालून ठेवलं होतं. डिंकाचे लाडू झाले होते, बाळासाठी मऊ जुन्या लुगड्यांची दुपटी शिवून झाली होती. आता त्या सगळ्या गाठोड्याकडं बघत म्हणाल्या, "नसन होत तं तसं सांगा. पोरीले मी समजावून सांगते. पन आशेवर ठिवू नका तिले."

हे बोलणं यशवंतरावांना फार लागलं. रागावल्या असत्या तर त्यांनी उलट उत्तर दिलं असतं. समजून घेणाऱ्या बायकोपुढं माणसानं काय करावं? ते उठले आणि नार्नूरला जाऊन चढवणारी चिप घेऊन आले.

तिसरी चिप चांगली निघाली. एवढ्याशा सेलमधून तिनं पाच व्होल्ट चढवून दिले. पॅनलमधून सेल नीट भरावा म्हणून मधे एक चार्जिंगचं बोर्डही लावलं. मशीन असं गरजलं की राघू उडाले, बगळे उडाले, आणि रस्त्यानं जाणारे पंचायतीचे सेक्रेटरी गाडीवरून उतरले.

"माइक का परमिशन उंदा?" ते तेलुगू आणि हिंदीच्या बांधावर उभे राहून बोलत असत; 'उंदा' म्हणजे 'आहे का'.

"साहब, माइक कायका. परिंदों के लिए है."

"परिंदे हो या पब्लिक, भोंगा है तो दरखास्त होना. कौन बोलरा उसमें?"

"हमारे घरसे बोलते."

सेक्रेटरींनी लक्षपूर्वक ऐकलं. दुसऱ्यांदा वाजेपर्यंत थांबले. "किसीका नाम तो नहीं लेते ना?" नाव नाही याची खात्री झाल्यावर त्यांचा चेहरा निवळला. दरखास्त द्या, मंजूर समजा, म्हणाले. मग आवाज खाली आणून विचारलं, "ऐसाच एक पंचायत को बना देते क्या? पानी के नल्ले का बिल नहीं भरते उनके दरवाजे पे लगाता."

एवढा सरकारी शिक्का मिळाल्यावर यशवंतराव दोन वीत वाढले. पण दुसऱ्या दिवशी सकाळी मशीन मुकं. ऊन चढल्यावर बोलू लागलं, आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. राघूंचं मुख्य जेवण सकाळचं. त्या वेळी मशीन झोपलेलं आणि पंगत उठल्यावर जागं, अशी राखण काय कामाची?

यशवंतराव चिप हातात घेऊन बसले होते. कुसुमबाई ज्वारी पाखडत होत्या. मधेच हात थांबवून म्हणाल्या, "एक विचारू? काम नसते तवा किती खाते थे?"

"काम नसलं तं खाईन कायले?"

"काऊन? काम नसलेली मानसं खात नाईत का?" आणि त्यांनी सलूनच्या दिशेला बघितलं. "मयूरीसाठी स्थळं पाह्यली तवा मी हेच विचारत होती. पोरगा कमावते किती थे सगळेच सांगतात. रिकामा बसला का काय करते, थे पाहा लागते."

यशवंतराव हसणार होते, पण थबकले. मोबाइलवर त्यांनी त्या चिपेचा कागद उघडला. कंपन्या प्रत्येक चिपेची अशी कुंडली इंग्रजीत छापतात. शोधत शोधत खाली गेले आणि सापडलंच. रिकामी बसली असताना चिप किती करंट खाते त्याचा चक्क रकाना होता! त्यांची चिप रात्रभर बसल्या जागी सेल चाटूनपुसून खात होती. वर तिच्या बोर्डावर एक लाल दिवा होता, तोही फुकटचा जळत होता. कुसुमबाईंनी न वाचता विचारलं ते अख्ख्या कारखान्यानं छापून ठेवलं होतं, आणि यशवंतरावांना बायकोचा एकदम भारी अभिमान वाटला.

मग त्यांनी स्थळं पाहावीत तशा चिपा पाहिल्या. शेवटी एक सापडली. चढवतेही आणि उतरवतेही, आणि रिकामी असली की जवळजवळ उपाशीच राहते. हैदराबादहून मागवली. पाकिटातून निघाली ती ज्वारीच्या दाण्याएवढी, उघडीनागडी. ना बोर्ड, ना तार. बोर्डासकट मागवायची होती, यशवंतरावांनी नुसती चिप मागवली होती. ती निरखून बघायला त्यांनी तळहातावर घेतली, चष्मा वर केला, आणि पाखडलेल्या ज्वारीची धूळ नाकात जाऊन सणसणीत शिंकले.

चिप कुसुमबाईंच्या सुपात पडली. ज्वारीच्या दाण्याएवढी वस्तू, ज्वारीत. यशवंतरावांना रडू फुटायचं बाकी होतं. कुसुमबाईंनी त्यांना आधी दूर बसवलं, दुसरी शिंक आली तर ओसरीत जाऊन शिंकायला सांगितलं, आणि खडे निवडतात तशी ज्वारी निवडायला घेतली. एक-दोन खडे निघाले, एक टोका किडा निघाला, मग चिप निघाली. सुरेंद्रनं भिंग लावून ती एका बोर्डावर बसवली. बसवताना तोही श्वास रोखून होता, आणि "चिप म्हंजे चिप" असं त्यानं पुन्हा म्हटलं नाही.

संध्याकाळच्या उन्हात चाचणी झाली. दुसऱ्या दिवशी भल्या सकाळीही मशीननं पहिल्या राघूला पहिल्या शब्दापासून शेवटच्या हुर्रपर्यंत सगळं सुनावलं. यशवंतरावांनी कुसुमबाईंचं गाठोडं उचललं आणि नार्नूरच्या स्टँडवर उटनूरची बस गाठून दिली. खिडकीतून त्या म्हणाल्या, "केलंच म्हना तुमी!" या तीन शब्दांवर यशवंतराव तरंगत घरी आले.

शेताजवळ आले तेव्हा दुपार झाली होती आणि शेत शांत होतं. शांत म्हणजे राघू बोलत होते, मशीन बोलत नव्हतं. डबी उघडली तर जळका वास. यशवंतरावांनी कुंडली पुन्हा काढली, या वेळी वरून. अगदी पहिल्या ओळीत लिहिलं होतं की या चिपेला साडेपाच व्होल्टच्या वर सोसत नाही. आणि मधे अडत्या कशाला, म्हणून यशवंतरावांनी चार्जिंगचं बोर्ड काढून पॅनल थेट जोडलं होतं. सेल भरून बाजूला झाला आणि दुपारच्या उन्हातल्या पॅनलचा सगळा जोर त्या दाण्याएवढ्या जिवावर आला. ती खाते किती हे त्यांनी विचारलं होतं. सोसते किती हे विचारायचं राहून गेलं होतं.

जुनी चिप सकाळी झोपणारी, आणि नवी संक्रांतीच्या आधी येण्याचं लक्षण नव्हतं. फोन खिशात होता. कुसुमबाई अजून उटनूरलाही पोचल्या नसतील. एक शब्द सांगितला असता तर त्या उटनूरला उतरून परतीची बस धरून आल्या असत्या, आणि काही बोलल्याही नसत्या. यशवंतरावांनी इकडंतिकडं बघितलं, धोतराचा काचा मारला आणि मचाणावर चढले.

पहिला आवाज इतका सभ्य निघाला की राघूंनी वळूनसुद्धा पाहिलं नाही. दुकानातून "काय पाह्यजे?" म्हणतात तसा तो होता. दुसरा बरा निघाला. तिसऱ्या वेळी त्यांनी अर्धी दाढी आठवली, "या या" म्हणणारं गाव आठवलं, आणि घशाच्या तळापासून ओरडले, "हाऽऽऽ हुर्रर्र!" थवा उठला. यशवंतरावांना अंगभर बरं वाटलं, आणि ते वाटणं इज्जतीत बसतं की नाही हे त्यांनी तपासलं नाही.

दुकान संध्याकाळी उघडू लागलं. बांधावरून जाणारे विचारत, मशीनचं काय झालं? यशवंतराव वरून सांगत, टेस्टिंग चालू हाय. लक्ष्मणराव एकदा बराच वेळ खाली उभे राहून ऐकत होते. म्हणाले, मशीनपेक्षा ह्या आवाजात व्होल्टेज चांगलं हाय.

कुसुमबाईंचा रोज फोन येई. मशीन कसं हाय? एकदम मस्त. राघू? एक नाई. जेवले का? जेवलो. उत्तरं दिवसेंदिवस आखूड होत गेली, कारण आवाज बसत चालला होता.

मग एका दुपारी मचाणावरच फोन वाजला. पलीकडून आधी एक कोवळं रडणं ऐकू आलं, खणखणीत आणि न थांबणारं. "नात झाली," कुसुमबाई म्हणाल्या. "मयूरी चांगली हाय. ऐकलं का तिचं रडनं? माह्यावरच गेली." यशवंतरावांचे डोळे भरून आले. खूप बोलायचं होतं, पण घशातून नुसता खरखर आवाज निघाला.

"आवाजाले काय झालं?"

"थंडी... थंडी हाय इकडं."

पलीकडं नातीचं रडणं जरा लांब गेलं. मग कुसुमबाई हळूच म्हणाल्या, "थ्या मशीनले म्हना, मिठाच्या गरम पान्यानं गुळण्या करत जाय. अन् दुपारचं डोक्याले दस्ती बांधून बसत जाय म्हना मचानावर."

"सांगतो," यशवंतराव म्हणाले.